गिधाड नर की मादी? मापं घेताना या चुका टाळा

शिक्रे (छोटे शिकारी पक्षी) हाताळून हात बसलेला माणूस गिधाडापाशी हमखास फसतो. शिक्र्याची मादी नराहून उघड मोठी, त्यामुळे ‘मोठं ते मादी’ हे डोक्यात पक्कं झालेलं असतं. आपल्या नागपूरकडे ज्या गिधाडांची चर्चा असते ती लांब चोचीची (२०२४ साली हरियाणातल्या पिंजोरहून पेंचमध्ये आणली ती) आणि पांढऱ्या पाठीची. दोन्ही ‘जिप्स’ गटातली. त्यांच्यात नर-मादीचा रंग सारखाच आणि आकाराचा फरक इतका थोडा, की मापं एकमेकांत मिसळून जातात. राजगिधाडाचं बरं आहे. प्रौढ नराचा डोळा फिकट, मादीचा गडद. तिथे पट्टी काढायचीही गरज नाही. म्हणून आधी जात ठरवा, मग पट्टी.

सगळ्यात जास्त घोळ वजनाचा. जखमी पक्षी आला की कुणीतरी विचारतंच, “भाऊ, बाई हाय का बुवा?” एकदा आम्ही काट्यावरचा मोठा आकडा बघून ‘मादी’ लिहून मोकळे झालो. पक्षी घाबरला आणि तिथंच ओकला. पुन्हा तोलला तर पाऊण किलो कमी! गळ्याखालची पिशवी भरलेली होती, हे कुणी बघितलंच नव्हतं. उलट मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना आलेला पक्षी पाणी कमी पडून वाळलेला असतो. वजन जरूर लिहा, ते उपचाराला लागतं. नर-मादी ठरवायला मात्र ते वापरू नका.

पंखाचं माप बाहेरून सोपं दिसतं. एकजण पंख पट्टीवर दाबून सपाट करतो, दुसरा नैसर्गिक बाक तसाच ठेवतो, आणि दोघांचे आकडे एकाच तक्त्यात जातात. पद्धत कोणतीही घ्या, पण एकच घ्या आणि ती तक्त्याच्या डोक्यावर लिहा. टोकाची पिसं झिजलेली किंवा अर्धी उगवलेली असतील तर ते माप सोडून द्या.

चोचीत भांडण असतं ते सुरुवातीच्या टोकावरून. पिसं संपतात तिथून, की चोचीच्या बुडाची मऊ कातडी संपते तिथून? आणि अंतर सरळ रेषेत, की बाकावरून? कॅलिपरने (दोन जबड्यांत धरून अंतर मोजायचं साधन) सरळ रेषेत, दर वेळी त्याच बिंदूपासून, तीनदा मोजा. तीन आकडे आपसातच जुळत नसतील तर आधी हात सुधारा. दोघांचे आकडे जुळत नसतील तर दोघांनी एकाच पक्ष्यावर, एकमेकांचे आकडे न बघता मोजावं. चूक कुठे आहे ते लगेच कळतं. नखांवर फार विसंबू नका, पिंजऱ्यातल्या पक्ष्याची नखं वेगळी झिजतात. पिल्लं आणि प्रौढ एकाच तक्त्यात टाकू नका, हे तर सांगायलाच नको.

मापांवरून नर-मादी सांगणारं, दुसरीकडच्या पक्ष्यांवर बसवलेलं सूत्र आपल्या पक्ष्यांना लावणं, ही शिकलेल्या माणसांची चूक. ज्या पक्ष्यांवरून सूत्र काढलं त्यांच्यावरच ते तपासलं तर यश फुगलेलंच दिसणार. एकेक पक्षी बाजूला ठेवा, उरलेल्यांवरून सूत्र काढा आणि ते त्या बाजूच्या पक्ष्यावर तपासा. आकडा नर-मादीच्या मध्यावर आला तर ‘अनिश्चित’ लिहा, त्यात कमीपणा नाही. जिप्स गटातलं गिधाड वर्षाला सहसा एकच अंडं घालतं. चुकून दोन नर एका पिंजऱ्यात जोडी म्हणून ठेवले तर ते घरटंही बांधतील, आणि तुमचा अख्खा हंगाम जाईल.

खात्री हवी असेल तर डीएनए. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीत झेड-डब्ल्यू आणि नरात झेड-झेड. रक्ताचा थेंब किंवा मुळासकट पीस पुरतं. मूळ सोडून कात्रीने कापलेलं पीस पाठवून लोक अहवालाची वाट बघत बसतात. ओलं पीस प्लास्टिकच्या पिशवीत सडतं. वाळवून कागदी पाकिटात घाला आणि पक्ष्याचा क्रमांक तिथल्या तिथे टाका. गिधाडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय यातलं काहीच करायचं नाही, पीससुद्धा उचलायचं नाही.