साथ चालू असताना पोरांच्या टीमने जिंकल्याची पार्टी करावी का, हे कसं ठरवायचं

मी मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोरांना कबड्डी शिकवतो, चौदा आणि सतरा वर्षांखालची टीम. फेब्रुवारी २०२१ मधे कोरोनाचे आकडे खाली आलेले, सगळ्यांना वाटत होतं गेली एकदाची साथ, आणि त्यातच सतराखालची पोरं एक स्पर्धा जिंकून आली. मग काय, टेम्पोतून मिरवणूक, बेंजो, गुलाल, आणि रात्री हॉलमधे वडे-सागोती. परवानगी देणारा मीच होतो. सहाव्या दिवशी एका घरात ताप, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, पोरं दोन दिवसांत बरी पण झाली, पण त्यातल्या एकाची आजी ऑक्सिजनवर गेली आणि परत आली ती आधारानेच चालत. पार्टीला यायच्या आधी तिला मी विचारलं होतं की काकी येताय ना, तर म्हणाली, "माका काय्येक होवचा नाय रे, पोरां जिकली हत ना." ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून पुन्हा कुठली साथ आली तर कसं ठरवायचं ते इथे लिहितोय, कोच असाल, पालक असाल, मंडळाचे असाल तर कामाला येईल.

सगळ्यात आधी पोरं मोजू नका, घरं मोजा. आपली चूक तिथेच होते, आपण म्हणतो पोरं तर रोज एकमेकांना पकडतायत, एकाच मातीत लोळतायत, तोंडासमोर तोंड नेऊन कबड्डी कबड्डी करतायत, मग एकत्र जेवली तर काय बिघडलं? पोरांपुरतं बघितलं तर खरंच फार बिघडत नाही, कोरोनात बहुतेक पोरांना हलकंच झालं. पण आपल्याकडे बाप मुंबईला, आई-आजी-आजोबा घरी, आणि पार्टी म्हटली की पोरांबरोबर ही सगळी घरं एका छताखाली येतात. प्रॅक्टिसला सात अधिक पाच राखीव, बारा पोरं. पार्टीला अकरा घरं (दोघं सख्खे भाऊ) आणि मिळून साठेक माणसं. हा फरक लक्षात आला की अर्धं काम झालं.

तर एक वही घ्या आणि प्रत्येक पोराच्या नावापुढे लिहा, घरात साठच्या वरचं कोण आहे, शुगर-बीपी-दमा-किडनीचं कोण आहे, कोणी गरोदर आहे का, लहान बाळ आहे का, लस किती जणांची झाली. हे व्हॉट्सॅप ग्रुपवर अजिबात विचारू नका, सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही आणि सांगायला लावू पण नये, आईला फोन करा किंवा घरी जाऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, लांब उभं राहून विचारा. लसीचं विशेष बघा, कारण कोरोनाची लस आपल्याकडे १८ च्या वरच्या सगळ्यांना १ मे २०२१ पासून मिळाली, १५ ते १८ वाल्यांना ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ ला तर १६ मार्च २०२२ पासून. म्हणजे माझी चौदाखालची टीम दोन्ही मोठ्या लाटांत विना लसीची खेळली, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तालुक्याचा आकडा बघा, पण एका दिवसाचा बघून फसू नका, मी तसाच फसलो. आज लागण झालेल्याला लक्षणं यायला साधारण पाच दिवस, कधी चौदा पण, मग तो टेस्ट करणार, मग रिपोर्ट येणार, म्हणजे आजचा आकडा हा मागच्या आठवड्याचा असतो आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटचा आकडा त्याहून जुना. दोन आठवडे आकडा खाली जातोय की वर ते बघा. आणि आशाताईला विचारा, तिला वाडीतल्या तापाची खबर पेपरच्या आधी असते. मापच पाहिजे असेल तर जून २०२१ ला राज्याने जे पाच स्तर केले होते ते लक्षात ठेवा, पहिला स्तर म्हणजे शंभर टेस्टमागे पाचपेक्षा कमी पॉझिटिव्ह आणि ऑक्सिजनचे पाव बेड पण भरलेले नाहीत. तेव्हा आपला सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात होता. माझा आताचा नियम असा की पहिल्या स्तरासारखी स्थिती नसेल तर एकत्र जेवण नाही, त्यावर चर्चा पण नाही. बेडचा विचार आपल्याला जास्त करावा लागतो, कारण वाडीतून ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तिथे जमलं नाही तर गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर, आणि ते सुद्धा गाडी मिळाली तर.

आता खरं महत्त्वाचं. "सेलिब्रेशन करायचं का?" असा एकच प्रश्न घेऊन बसलात की मंडळात भांडणं होतात, कारण सेलिब्रेशन ही एक गोष्ट नाहीच. त्याचे तुकडे करा. मेडल देणं एक, मिरवणूक दुसरी, जेवण तिसरं, पाहुण्यांचा सत्कार चौथा. प्रत्येकावर वेगळा हो किंवा नाही.

मेडल देणं जवळजवळ नेहमी जमतं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमधे खेळाडूंनी ट्रेमधून स्वतःचं मेडल उचलून स्वतःच गळ्यात घातलं, ते बघून आमच्या पोरांना पण पटलं की असं घातलेलं मेडल काही कमी नसतं. मैदानात, उघड्यावर, हातभर नाही तर चांगलं दोन हात अंतर ठेवून, वीस मिनिटांत आटपा. चषकातून सगळ्यांनी सरबत पिणं मात्र बंद, पाण्याची बाटली पण ज्याची त्याची.

मिरवणुकीत लोकांना वाटतं उघड्यावर आहे म्हणजे सेफ, पण टेम्पोच्या हौद्यात तीस जण दाटून ओरडतात तेव्हा ते उघडं राहत नाही. ओरडण्याचं आणि गाण्याचं काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका गायनमंडळाची तालीम झाली, अडीच तास, ६१ माणसं, त्यातल्या एकाला सर्दीसारखं होतं, नंतर तो धरून ५३ आजारी निघाले आणि दोन गेले. आपली डबलबारी, दोन बुवांचा भजनाचा सामना, डोळ्यासमोर आणा म्हणजे समजेल. दहा ढोल आणि शंभर जणांच्या आरोळ्या बंद हॉलमधे असतील तर तोच प्रकार.

जेवण सगळ्यात धोक्याचं, मास्क काढावाच लागतो, माणसं तासभर बसतात आणि बोलतात. पावसाळ्यात तर दारं-खिडक्या लावून पंगत, म्हणजे नाहीच. खळ्यात, मांडवाला बाजू नसतील तर आणि घराघराने वेगळं बसणार असतील तर विचार करा, नाहीतर डबे भरून घरोघरी पाठवा. आम्ही नंतर तेच केलं, सागोती तीच होती, आणि ज्या घरांत म्हातारी माणसं होती त्यांनी उलट फोन करून सांगितलं की बरं केलंत.

पाहुणे आणि चाकरमानी हा नाजूक विषय. पोराचा बाप मुंबईहून फायनल बघायला आला तर त्याला नको कसं म्हणायचं? पण २०२० च्या गणपतीला आपण सगळ्यांनी बघितलंय, क्वारंटाईन १४ दिवस की १० यावरून गावागावात वाद झाले, सख्खे भाऊ बोलेनासे झाले. त्यामुळे नियम स्पर्धेच्या आधी ठरवा, जिंकल्यावर नाही, आणि तो सगळ्यांना सारखा लावा, सरपंचाच्या पाहुण्याला पण. कोणी म्हणालाच की आजवर असं कधी झालं नाही तर आंगणेवाडीची आठवण करून द्या, मार्च २०२१ ला भराडी देवीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती झाली, जिथे लाखो माणसं जातात तिथे. देवीची जत्रा थांबू शकते तर आपली पंगत थांबायला काय हरकत आहे.

ठरवणार कोण? कोच एकटा नको, माझ्यासारखं होतं, पोरांचे चेहरे बघून हो म्हणून बसतो. कोच, मंडळाचा एक, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातलं कोणी, आणि दोन आया. आया मुद्दाम म्हणतोय, घरातल्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी त्याच बघतात. आणि एका घराने जरी नको म्हटलं तरी जेवण रद्द, ते घर कोणतं हे बाहेर जाता कामा नये, कारण ते कळलं की त्या पोराला पुढचं वर्षभर बाकीची पोरं ऐकवतात.

पण नाही म्हणणं फुकट असतं असं समजू नका. सतराखालच्या टीममधली पोरं दहावी-बारावी झाली की कोण मुंबईला, कोण आयटीआयला, कोण बोटीवर, ती टीम परत कधीच एकत्र उभी राहत नाही. त्यामुळे रद्द केलंत तर "नंतर बघू" एवढं बोलून सोडू नका, तारीख लिहा, मे महिन्यात किंवा गणपतीत, जेव्हा गेलेली पोरं गावी येतात तेव्हा. आमची २०२१ ची चौदाखालची टीम एक स्पर्धा जिंकली होती, त्यांचा सत्कार मे २०२२ मधे झाला, दोघांना मिशा फुटलेल्या होत्या तोवर, पण सगळे आले.

आणि करायचंच ठरलं तर आलेल्या प्रत्येकाचं नाव, घर, फोन त्याच वहीत लिहा आणि ती वही १४ दिवस जपा. ज्याला सकाळी कणकण वाटतेय त्याने घरी थांबायचं, आणि त्याचं मेडल त्याच दिवशी त्याच्या ओटीवर पोचवायचं, नाहीतर पोरं ताप लपवतात, हे मी बघितलंय. नंतर कोणाच्या घरी ताप आला तर त्यांनी एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा, त्या माणसाने आधी म्हातारी माणसं असलेल्या घरांना कळवायचं आणि मग बाकीच्यांना, आणि फोनवर "कोणामुळे झालं" हा प्रश्न घ्यायचाच नाही, फक्त एवढंच सांगायचं की आजपासून आजी-आजोबांचं ताट वेगळ्या खोलीत, आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन संध्याकाळी येतेय.