कावेबाज पात्र लिहायचंय? आधी फसणाऱ्याकडे बघा

कथेत एखादं कावेबाज पात्र आणायचं ठरलं की नवा लेखक सगळी मेहनत त्या पात्रावर ओततो. त्याची नजर, त्याचं गूढ हसू, त्याचा बेत, त्याची हुशार वाक्यं. मी बरीच वर्षं कथा लिहिते आणि नव्याने लिहिणाऱ्यांचे कच्चे खर्डेही वाचते. अशा खर्ड्यात मी आधी बघते ती त्याच्या समोरची व्यक्ती, म्हणजे जी फसणार आहे ती. कथा कोसळते ती बहुतेक वेळा तिथेच. वाचकाला चार ओळींत कळतं की हा माणूस लबाड आहे आणि समोरच्या पात्राला चाळीस पानं उलटली तरी कळत नाही. मग वाचक लबाडाला घाबरत नाही, तो फसणाऱ्या पात्राला मूर्ख ठरवून मोकळा होतो. एकदा तसं झालं की त्या पात्राचं पुढे काहीही होवो, वाचकाला त्याचं काही वाटत नाही.

त्यामुळे नव्या लेखकांकडे माझा पहिला आग्रह असतो तो फसणाऱ्या पात्राला फसण्यासाठी चांगलं कारण देण्याचा. त्या क्षणी, त्या जागी आपण असतो तर आपल्यालाही पटलं असतं, असं कारण.

याचा सगळ्यात भक्कम धडा मला वाल्मीकी रामायणातल्या अयोध्याकांडात सापडला. मंथरेने कैकेयीचे कान भरले, एवढंच आपण ऐकलेलं असतं. तो प्रसंग नीट वाचला तर दिसतं की मंथरेचा पहिला डाव सपशेल वाया जातो. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आनंदते आणि मंथरेलाच दागिना बक्षीस देते. राम आणि भरत मला सारखेच, असं ती मनापासून म्हणते. रामाविरुद्ध तिच्या मनात काहीच नाही, त्यामुळे तिथे फुंकर घालून काही पेटत नाही. तेव्हा मंथरा बाजू बदलते. राजाची लाडकी असल्याच्या तोऱ्यात तूच पूर्वी कौसल्येचा अपमान केलास, आता ती राजमाता झाल्यावर त्याचा सूड का घेणार नाही, असं ती विचारते. भीती खरी आहे, कारण कैकेयीचं वागणं खरं आहे. पुढे ज्या दोन वरांची ती आठवण करून देते, त्यांची गोष्ट कैकेयीनेच तिला कधीतरी सांगितलेली असते. म्हणजे मंथरेने बाहेरून काहीच आणलं नाही. कैकेयीच्याच आठवणी तिने वेगळ्या क्रमाने तिच्यापुढे मांडल्या. आणि ही बाई माहेरून बरोबर आलेली दासी आहे, तिच्यावर अविश्वास का दाखवावा? सगळ्यात अंगावर येतो तो शेवट. पटल्यावर कैकेयी मंथरेचं भरभरून कौतुक करते. ज्याला फसवलं जातंय तो फसवणाऱ्याचे आभार मानतो.

लिहायला बसण्याआधी फसणाऱ्या पात्राबद्दल मी काही गोष्टी कागदावर उतरवते. त्याला स्वतःबद्दल काय ऐकायची आस आहे? कोणता आरोप त्याला सहन होत नाही? कोणती गोष्ट त्याने विश्वासाने सांगून ठेवली आहे? याची उत्तरं मिळाली की कावेबाज पात्राचे निम्मे संवाद आपोआप सुचतात.

एक उदाहरण रचून बघू. शुभदा मोठी बहीण, मीरा धाकटी. मीराला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे. वडील थकले आहेत आणि मीरा गेली तर घरात ते आणि शुभदा एवढेच उरणार. शुभदाला ते नको आहे. मीराला लहानपणी सगळे हट्टी, आपमतलबी म्हणायचे आणि तो शिक्का तिला अजून टोचतो. खर्ड्यात हा प्रसंग बहुधा असा येतो:

"तू गेलीस आणि बाबांना काही झालं तर त्याला तूच जबाबदार असशील," शुभदा डोळे बारीक करत म्हणाली.

ही उघड धमकी झाली. धमकीला माणूस उलट उत्तर देतो, भांडतो, निघून जातो. आता हे बघा:

"जा की. मी अडवलंय का तुला कधी?"
"तसं नाही गं ताई, पण बाबांचं…"
"बाबांचं मी बघेन. आजवर बघितलंच ना? तू निवांत जा. फक्त त्यांना रोज एक फोन करत जा. तेवढं करशील ना?"
"करेन की!"
"मला माहीत आहे. लहानपणची मीरा असती तर मी विचारलंही नसतं."

यात एकही वाक्य खोटं नाही. परवानगी दिली आहे, ओझं स्वतःकडे घेतलं आहे, एक छोटा होकार मिळवला आहे आणि जुन्या जखमेवर कौतुकाच्या मिषाने बोट ठेवलं आहे. मीरा या खोलीतून बाहेर पडेल ती ताई किती समजूतदार आहे असं मनाशी म्हणत. दोष काढायला तिच्या हाती काहीच नाही, आणि वाचकाच्याही नाही. असलीच तर किंचित अस्वस्थता. पहिल्या प्रसंगात तेवढीच हवी.

छोट्या होकाराचं काय होतं, यावर जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या संशोधकांनी १९६६ साली एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या काही घरमालकांना त्यांनी विचारलं, 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलं तेव्हा साधारण १७ टक्के लोक हो म्हणाले. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले सुमारे ७६ टक्के मोठ्या फलकालाही तयार झाले. लेखकाने यातून उचलायचं ते मधलं अंतर. लहान मागणी आणि मोठी मागणी एकाच प्रसंगात आली तर वाचकाला डाव दिसतो. रोजचा फोन, मग महिन्यातून एकदा घरी येणं, मग दवाखान्याच्या तारखांना रजा, मग "एवढी धावपळ करतेस, त्यापेक्षा…" अशा पायऱ्या पसरून ठेवा. मधे मीराच्या ऑफिसचे, मैत्रिणींचे, तिच्या आनंदाचेही प्रसंग येऊ देत. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीशी ताडून पाहिली तर रास्तच वाटली पाहिजे. 'हो' म्हणताना मीरा केवळ ताईचं ऐकत नसते, आपण आपमतलबी नाही हे स्वतःला दाखवत असते. मागे फिरायचं तर तिला स्वतःबद्दलचं हे मत सोडावं लागेल.

एकच जोरदार प्रसंग लिहून भागत नाही, हे कायद्यालाही उमगलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने जवळच्या नात्यातलं नियंत्रण आणि जबरदस्ती हा स्वतंत्र गुन्हा ठरला, तेव्हा त्याच्या व्याख्येत असं वागणं 'वारंवार किंवा सतत' असण्याची अट घातली गेली. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक वागणं क्षुल्लक असू शकतं, जाच असतो तो सगळ्यांच्या मिळून बनलेल्या आकृतीत. कादंबरीत तुम्हाला ही आकृती उभी करायची असते. कथेत जागा कमी, तिथे मी एकच सवय निवडते आणि ती थोड्या थोड्या फरकाने पुन्हा आणते.

आता ज्यावर नवे लेखक सर्वांत कमी शाई खर्च करतात, ते चांगले दिवस. कावेबाज पात्र प्रेमळ वागतं तेव्हा लेखक घाईघाईने दोन वाक्यं लिहून पुढच्या कारस्थानाकडे पळतो. मला वाटतं, अशा कथेत सर्वांत जास्त कसब इथेच लागतं. बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही आणि केव्हा मिळेल ते कळत नाही, अशा वेळी प्राणी प्रयत्न चिकाटीने करत राहतात आणि बक्षीस बंद झाल्यावरही लवकर थांबत नाहीत, हे चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात तपशीलवार मांडलं. पुढे १९८१मध्ये डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी छळ होणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात असं मांडलं की सत्ता एकाच्याच हाती असते आणि वागणूक कधी वाईट तर कधी प्रेमाची असते, तेव्हा बंध सैल पडण्याऐवजी घट्ट होऊ शकतो. "ती सोडून का जात नाही?" या वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर या चांगल्या दिवसांत असतं. मीरा तापाने फणफणली असताना शुभदा रातोरात प्रवास करून येते, उशाशी बसून राहते आणि नंतर कधीही त्याचा उल्लेख करत नाही, असा एक प्रसंग लिहा. तो ढोंगाचा नसावा. शुभदाचं बहिणीवर खरंच प्रेम आहे आणि तिला धरून ठेवणंही त्याच प्रेमातून चाललंय, असं तिला वाटतं. वडिलांच्या खोलीतल्या शांततेत एकटं उरण्याची भीती तिने स्वतःशीही कबूल केलेली नाही. ही भीती तुम्हाला ठाऊक असली की शुभदा खलनायिका होत नाही आणि त्यामुळेच ती जास्त भयंकर होते.

मग कधीतरी जाब विचारण्याचा प्रसंग येतो. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ साली अशा वेळच्या वागण्याचा एक क्रम नोंदवला: आधी नाकारायचं, मग विचारणाऱ्यावर हल्ला करायचा आणि शेवटी आपणच बळी असल्याचं दाखवून भूमिका उलटवायच्या. संवाद लिहिताना हा क्रम फार उपयोगी पडतो, मात्र तो पटापट घडला पाहिजे:

"ताई, मी दिवाळीत येणार नाही असं बाबांना तू सांगितलंस?"
"मी? मी कशाला सांगू?"
"ते म्हणाले तसं."
"बरं. म्हणजे आता तू बाबांना विचारून माझी वाक्यं तपासणार. मी रात्र रात्र जागते इथे, मीरा. एकदा तरी विचारलंस, ताई, तू झोपलीस का?"
"… सॉरी ताई."

जाब विचारायला आलेली माफी मागून जाते आणि मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेलंच नसतं. हे निवेदकाने सांगू नये. प्रसंग संपवा आणि पुढे जा. काही वाचकांना दोन पानांनंतर आठवेल की अरे, त्या प्रश्नाचं काय झालं? ती आठवण तुमच्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा मोलाची आहे.

फसणाऱ्या पात्राला स्वतःच्याच स्मरणशक्तीवर शंका यायला लागते, असा धागा घ्यायचा असेल तर वाचकाच्या हाती एखादी ठोस वस्तू किंवा खूण द्या. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या 'गॅस लाइट' नाटकात नवरा चोरून वरच्या मजल्यावर जाऊन तिथले दिवे लावतो, तेव्हा खालच्या खोलीतले दिवे मंदावतात. बायकोला ते दिसतं. सगळं तिच्या विरोधात असताना घरात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर नवऱ्याच्या बोलण्याचा परिणाम होत नाही. अशी खूण नसेल तर वाचकही गोंधळतो आणि कंटाळतो. आमच्या कथेत ती खूण मीराच्या फोनमधला, तिने कधीच न पुसलेला एखादा मेसेज असू शकेल. तो कधी उघडायचा, हा तुमचा निर्णय.

निवेदन कोणाच्या बाजूने ठेवावं? सुरुवातीला फसणाऱ्याच्या खांद्याला लागून चालणारं तृतीयपुरुषी निवेदन घ्यावं, असं माझं मत आहे. वाचकाला तेवढंच दिसतं जेवढं तिला दिसतं, म्हणून तोही तिच्याबरोबर चुकीचे निष्कर्ष काढतो. कावेबाजाला प्रथमपुरुषी निवेदक करणं मोहक असतं, पण तिथे फसवायचं असतं ते थेट वाचकाला आणि प्रत्येक वाक्यात दोन अर्थ सांभाळावे लागतात. दोन-चार कथा झाल्यावर तिकडे वळा. निवेदन कोणतंही असो, दुसरा खर्डा लिहिताना 'लबाडपणे', 'मुद्दाम', 'खोटं हसत', 'साळसूदपणे' असे शब्द मी शोधून काढून टाकते. हे शब्द वाचकाला निकाल हातात देतात आणि त्याचा स्वतःचा संशय मारून टाकतात.

बोलीकडे कान ठेवा. आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' यांत केवढं अंतर आहे! आजवर "आपण बाबांना दाखवून आणू" म्हणणारी शुभदा एके दिवशी "आम्ही जाऊन आलो" म्हणते आणि एका शब्दाने मीरा घराबाहेर पडते. "जाऊ दे", "मी काही बोलले का?", "तुला तसं वाटलं असेल", "तुझ्या भल्यासाठीच" ही वाक्यं रोजची आहेत, निरुपद्रवीही असू शकतात. धार येते ती कोणत्या क्षणी, कोणाच्या देखत ती उच्चारली यावर. गप्प बसणं हाही संवादच आहे. फोन उचलून काहीच न बोलता थांबणारी शुभदा लांबलचक भाषण करणाऱ्या शुभदेपेक्षा जास्त काही मिळवते.

साहित्य कुठून आणायचं, हे मला नेहमी विचारलं जातं. ओळखीच्या माणसाला जसंच्या तसं उचलू नका. एकाची लकब, दुसऱ्याची भीती, तिसऱ्याचा प्रसंग असं मिसळून घ्या. याने त्या माणसाचं खाजगीपण जपलं जातं आणि पात्रही तुमच्या हातात राहतं. तुम्ही स्वतः अशा नात्यातून गेला असाल आणि लिहिताना छाती भरून येत असेल, तर खर्डा बाजूला ठेवा. विश्वासाच्या माणसाशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाची मदत घ्या. कथा थांबेल, पळून जाणार नाही.

आणि हा सराव करून बघा. तुमचा कोणताही फसवणुकीचा प्रसंग लिहून झाला की फसलेलं पात्र दुसऱ्या दिवशी तो जिवलग मैत्रिणीला कसा सांगेल, ते एका पानात लिहा. मैत्रीण शंका काढेल: "पण ती असं का म्हणाली?" त्यावर तुमचं पात्र शुभदाची बाजू घेऊन, चार कारणं देऊन, थोडं चिडून बोलायला लागलं तर मूळ प्रसंग जमला आहे. त्याच्याकडे सांगायला काहीच नसेल, तर त्या पात्राच्या गरजेचा शोध अजून बाकी आहे. अशा वेळी कावेबाजाचे संवाद दुरुस्त करत बसू नका, फसणाऱ्या पात्राच्या टिपणांकडे परत जा.