प्रॅक्टिस टेस्ट घेण्याआधी त्या टेस्टचीच टेस्ट कशी घ्यायची (सीसीएनए, नेटवर्क+ वाल्यांसाठी)

सीसीएनए (सिस्कोची) किंवा नेटवर्क+ (कॉम्पटियाची) या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षांची तयारी करणारे सगळे एक प्रश्न हमखास विचारतात, कुठली प्रॅक्टिस टेस्ट चांगली? आणि उत्तरात नुसती नावं मिळतात. नावांचा फार उपयोग होत नाही, कारण एकाच कंपनीचा एक सेट मस्त असतो आणि दुसरा जुनापुराणा कचरा असतो. त्यापेक्षा टेस्ट स्वतः पारखता आली पाहिजे, आणि ते जमतं, एक संध्याकाळ पुरते.

मी हे लिहितोय कारण माझे स्वतःचे दोन महिने यात गेलेत. एक पेड टेस्ट बँक घेतली होती, नाव घेत नाही, तिच्यावर मी ९० च्या वर स्कोर काढत होतो आणि पहिल्या अटेम्प्टला फेल झालो. नंतर शांतपणे ती बँक परत उघडून एकेक प्रश्न तपासला तेव्हा कळलं की काही उत्तरंच चुकीची होती आणि मी ती चुकीची उत्तरं मनापासून पाठ केली होती. चुकीचं शिकलेलं पुसायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून हे सगळं जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात अशी करा. तुम्हाला एकदम पक्का येणारा एक टॉपिक घ्या, सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे करणं) म्हणा, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) म्हणा, राउटिंग टेबल (राउटरकडची रस्त्यांची यादी) म्हणा, आणि त्या टेस्टमधले फक्त त्याच टॉपिकचे १५-२० प्रश्न सोडवा. फ्री सॅम्पल असेल तर तेच वापरा. इथे स्कोर बघायचाच नाही. प्रश्न लिहिणाऱ्याला विषय येतो का एवढंच बघायचं. आपण नेमकं उलटं करतो, जो टॉपिक येत नाही तिथून सुरू करतो, आणि मग टेस्ट चुकली की आपण चुकलो हे कळायला काही मार्गच उरत नाही.

आता एक प्रश्न जवळून बघू. राउटरच्या टेबलमधे दोन ओळी आहेत, ओएसपीएफने शिकलेला १०.१.०.०/१६, कंसात [११०/२०], आणि रिपने शिकलेला १०.१.५.०/२४, कंसात [१२०/२]. ओएसपीएफ आणि रिप म्हणजे राउटरने एकमेकांकडून रस्ते शिकायचे दोन प्रोटोकॉल. / नंतरचा आकडा म्हणजे अॅड्रेसचे पहिले किती बिट नेटवर्कचे. कंसातला पहिला आकडा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे तो राउट कुठून शिकला त्यावरचा भरवसा, जितका लहान तितका जास्त, आणि दुसरा मेट्रिक, म्हणजे त्या प्रोटोकॉलच्या हिशोबाने रस्ता किती महाग. पॅकेट चाललंय १०.१.५.७ ला. कुठल्या राउटने जाईल?

बरोबर उत्तर रिपवाला /२४, कारण राउटर आधी लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच बघतो, म्हणजे सगळ्यात जास्त बिट जुळणारा राउट. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा प्रश्न येतो तो एकच प्रीफिक्स, तोच मास्क दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून शिकला असेल तेव्हा, की त्यातला कुठला टेबलमधे घ्यायचा. इथे दोन वेगळे प्रीफिक्स आहेत, दोन्ही टेबलमधे बसलेत, त्यामुळे ११० आणि १२० ची तुलना होतच नाही.

ह्या एका प्रश्नावरून टेस्टची लेव्हल कळते. वाईट टेस्ट सांगेल ओएसपीएफ, कारण ११० लहान. ही चूक निदान पकडता तरी येते. जास्त धोका दुसऱ्या एका प्रकारात आहे, जिथे उत्तर रिप असंच दिलेलं असतं आणि खाली कारण लिहिलेलं असतं की रिपची मेट्रिक २ आहे आणि ओएसपीएफची २० म्हणून. उत्तर बरोबर, कारण साफ चुकीचं. दोन प्रोटोकॉलच्या मेट्रिकची तुलना करायचीच नसते, एक हॉप मोजतो दुसरा कॉस्ट. तुम्हाला हिरवी टिक मिळते, तुम्ही खूश होऊन पुढे जाता, आणि परीक्षेत आकडे जरा फिरवले की गेलात. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी एक्स्प्लनेशन वाचायचंच, टेस्ट पारखताना तर नक्कीच. आणि चांगली टेस्ट ह्याच प्रश्नात काय करते? ओएसपीएफचा ऑप्शन मुद्दाम ठेवते, डीफॉल्ट राउटचाही (दुसरा कुठलाच जुळला नाही तर वापरायचा) ठेवते, आणि खाली प्रत्येक ऑप्शनबद्दल एकेक ओळ लिहिते की हा निवडला असेल तर तुमचा काय घोळ झालाय.

एक्स्प्लनेशन हेच टेस्टचं खरं मोल आहे असं माझं ठाम मत आहे. ज्या टेस्टमधे फक्त "बरोबर उत्तर: सी" एवढंच असतं किंवा प्रश्नातलंच वाक्य फिरवून खाली टाकलेलं असतं ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. मला ३०० प्रश्न आणि नीट एक्स्प्लनेशन हे १५०० प्रश्नांपेक्षा कधीही चालतील.

शंका आली की भांडत बसण्यापेक्षा लॅबमधे करून बघा. वरचं उदाहरण पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमधे दहा मिनिटांत होतं. दोन स्टॅटिक (हाताने लिहिलेले) राउट टाका, /१६ साधा ठेवा म्हणजे त्याचा डिस्टन्स १ राहील, /२४ ला दुसरा नेक्स्ट हॉप (पुढच्या राउटरचा पत्ता) द्या आणि शेवटी २०० लिहून डिस्टन्स मुद्दाम वाढवा, मग शो आयपी राउट १०.१.५.७ मारा. डिस्टन्स २०० असूनही /२४ च निवडलेला दिसेल. एकदा डोळ्यांनी बघितलं की कुठलीही टेस्ट तुम्हाला गंडवू शकत नाही. जे लॅबमधे बघता येत नाही ते सिस्कोच्या डॉक्युमेंटेशनमधे किंवा आरएफसीमधे (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांची मूळ कागदपत्रं) शोधा, दुसऱ्या एखाद्या टेस्टमधे नको, कारण चुकीचा प्रश्न एकीकडून दुसरीकडे जसाच्या तसा उचललेला असतो.

पुढची गोष्ट म्हणजे टेस्ट किती ताजी आहे. कव्हरवर नवीन कोड लिहिणं सोपं असतं, आतला माल जुनाच राहतो. सीसीएनएचा २००-३०१ हा कोड फेब्रुवारी २०२० पासून चालू आहे पण ऑगस्ट २०२४ मधे त्याची व्ही१.१ आली, त्यात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या टूल्समधून पपेट आणि शेफ गेले आणि अ‍ॅन्सिबलसोबत टेराफॉर्म आलं, शिवाय एआय आणि मशीन लर्निंगचा मुद्दा नव्याने आला. म्हणजे टेस्टमधे टेराफॉर्म सर्च करा, एकही प्रश्न नसेल आणि पपेटवर पाच असतील तर ती २०२४ च्या आधीची आहे, कव्हर काहीही म्हणो. फ्रेम रिले (लांबची ऑफिसं जोडायचं जुनं तंत्र) कॉन्फिगर करायला सांगणारे प्रश्न दिसले तर ती त्याहून जुनी, २००-३०१ च्याही आधीची. नेटवर्क+ मधे एन१०-००९ जून २०२४ ला आली आणि एन१०-००८ डिसेंबर २०२४ मधे बंद झाली, तरी ००८ चे प्रश्न ००९ च्या नावाखाली फिरत असतात.

सबनेटिंगमधे पण जुनेपणा दिसतो आणि तो पकडायला मला फार आवडतं. /२४ च्या नेटवर्कचे /२७ केले तर सबनेट किती, असं विचारलं आणि उत्तर ६ दिलं असेल तर तो प्रश्न त्या काळातला आहे जेव्हा पहिलं आणि शेवटचं सबनेट सोडून द्यायचे. आज उत्तर ८. आयपी सबनेट-झीरो ही पहिलं सबनेट वापरू देणारी सेटिंग सिस्कोच्या राउटर सॉफ्टवेअरमधे, म्हणजे आयओएसमधे, १२.० पासून डीफॉल्टच चालू आहे. तसंच /३१ मधे शून्य होस्ट असं डोळे झाकून लिहिणारा पॉइंट-टू-पॉइंट लिंक (फक्त दोन उपकरणांना जोडणारी) विसरलाय, आरएफसी ३०२१ डिसेंबर २००० मधे आली, तिच्यानुसार तिथे दोन्ही अ‍ॅड्रेस वापरता येतात. प्रश्नात पॉइंट-टू-पॉइंट लिंक असं स्पष्ट लिहिलंय का नाही हेही बघा, चांगला प्रश्न लिहिणारा तेवढी काळजी घेतो.

मग सिलॅबसशी ताळा. सिस्को आणि कॉम्पटिया दोघंही वेटेज उघडपणे देतात. सीसीएनएमधे आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, नेटवर्क फंडामेंटल्स आणि नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रत्येकी २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन प्रत्येकी १०. नेटवर्क+ ००९ मधे सगळ्यात जड ट्रबलशूटिंग आहे, २४ टक्के. आता टेस्टमधल्या ५० प्रश्नांना टॉपिकचं लेबल लावा आणि मोजा. मी मोजलं तेव्हा एका सेटमधे ओएसआय लेयर आणि पोर्ट नंबर यांचाच भरणा होता, कारण असे प्रश्न लिहायला सोपे असतात.

मोजतानाच क्रियापदाकडे लक्ष द्या. सीसीएनएच्या टॉपिक लिस्टमधे एका ठिकाणी "समजावून सांगा" असतं आणि दुसरीकडे "कॉन्फिगर करा आणि व्हेरिफाय करा" असतं. सिंगल एरिया ओएसपीएफव्ही२ हे दुसऱ्या प्रकारात मोडतं. तिथे टेस्टने शेजारचा राउटर नेबर का बनत नाहीये ते आउटपुट दाखवून विचारलं पाहिजे, हेलो टायमर जुळत नाहीत का, एरिया वेगळा आहे का, मास्क चुकलाय का. "ओएसपीएफचा डिस्टन्स किती?" एवढ्यावरच टेस्ट थांबत असेल तर ती तुम्हाला अर्धीच तयार करतेय.

आउटपुटवरून आठवलं, प्रश्नातले आकडे आपसात जुळतात का तेही बघा. हल्ली मशीनने ढिगाने बनवलेले प्रश्न खूप आलेत आणि ते वाचायला इतके सफाईदार असतात की चूक लक्षातच येत नाही. पीसीला १९२.१६८.१.७०/२६ दिलाय आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा राउटर) १९२.१६८.१.१. पीसीचं नेटवर्क .६४ ते .१२७, म्हणजे गेटवे त्याच्या बाहेर. प्रश्न नेमका तीच चूक शोधायचा असेल तर सुंदर प्रश्न आहे. पण प्रश्न डीएनएसबद्दल असेल आणि गेटवे असाच पडलेला असेल तर लिहिणाऱ्याने आकृती कधी तपासलीच नाही. मॅक अ‍ॅड्रेसमधे 'जी' हे अक्षर (तिथे एफपर्यंतच चालतं), आयपीमधे २५६ (२५५ पर्यंतच चालतं), आकृतीत पोर्ट जी०/१ आणि आउटपुटमधे जी०/२, असं काही दोनदा सापडलं तर मी ती टेस्ट तिथेच बंद करतो.

ऑप्शन लिहिण्यातही कौशल्य लागतं. एक सोपा प्रयोग करा, प्रश्न झाकून ठेवा आणि नुसते ऑप्शन वाचून अंदाज लावा. सगळ्यात लांब ऑप्शन दर वेळी बरोबर निघत असेल किंवा चारातले दोन उघड फालतू असतील तर तुमचा स्कोर फुगणार हे नक्की. आणि अवघड म्हणजे चांगली असंही समजू नका, काही टेस्ट फक्त शब्दांचे खेळ करून अवघड होतात, दोनदा नकार घालून वाक्य असं लिहितात की नेटवर्किंग येणाराही अडकतो. अशा चुकलेल्या प्रश्नातून तुम्ही शिकत काहीच नाही, फक्त कॉन्फिडन्स जातो.

स्कोरबद्दल एक गैरसमज. नेटवर्क+ ला पासिंग ७२० आहे, १०० ते ९०० च्या स्केलवर, आणि बऱ्याच टेस्ट त्याचा हिशोब ८० टक्के असा करून "तुम्ही रेडी आहात" दाखवतात. स्केल १०० पासून सुरू होतं आणि तो स्केल्ड स्कोर आहे, त्याचे सरळ टक्के होत नाहीत. सिस्को तर सीसीएनएचा पासिंग स्कोर जाहीरच करत नाही. त्यामुळे पासची गॅरंटी देणारा आकडा ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेला असतो.

आणि डंप. "खऱ्या परीक्षेतले प्रश्न", "१०० टक्के पास" असं लिहिलेलं असेल, एक्स्प्लनेशन नसेल, उत्तरावर लोकांची मतं मोजून बरोबर उत्तर ठरवलेलं असेल, तर तो डंप आहे. परीक्षा सुरू होण्याआधी आपण गोपनीयतेचा करार मान्य करतो, डंप वापरणं त्यात बसत नाही आणि पकडलं तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढे परीक्षेला बसायची बंदी येऊ शकते. नियम बाजूला ठेवले तरी कामावर पहिल्याच आठवड्यात ट्रंक (दोन स्विचमधली मुख्य लिंक) डाउन झाला की पाठ केलेली अक्षरं काय कामाची. कृपा करून ह्या वाटेला जाऊ नका.

सॉफ्टवेअर कसं आहे ते पटकन बघून घ्या. सीसीएनए १२० मिनिटांची असते आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, नेटवर्क+ मधे ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि फ्लॅग करून परत येता येतं. टेस्टमधे दोन मोड हवेत, एक परीक्षेसारखा आणि एक अभ्यासाचा जिथे लगेच एक्स्प्लनेशन दिसतं. कमांड टाइप करायला लावणारे किंवा ओढून जुळवायचे प्रश्न असतील तर उत्तम, नसतील तर ती उणीव लॅबने भरून काढा.

चूक सापडली की बनवणाऱ्याला प्रश्न नंबर आणि पुराव्यासकट लिहा. एकाने मला दोन दिवसांत उत्तर दिलं, आन्सर-की सुधारली आणि एक्स्प्लनेशनमधे माझा लॅबचा आउटपुटही घातला, त्यांचे पुढचे सेट मी बिनधास्त घेतले. आधीच्या बँकवाल्यांकडून मात्र आजपर्यंत काही आलेलं नाही.

आणि टेस्ट चांगली आहे हे पटलं की ती लगेच संपवू नका. दुसऱ्यांदा दिलेल्या सेटचा स्कोर म्हणजे निम्मी आठवण असते, त्याच्यावर विसंबू नका. एक पूर्ण सेट अजिबात न उघडता बाजूला ठेवा, परीक्षेच्या आठवडाभर आधी घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एका बैठकीत सोडवा, आणि प्रत्येक उत्तराशेजारी "पक्कं" किंवा "अंदाज" असं लिहीत जा. मग अंदाजाने बरोबर आलेले सगळे प्रश्न चुकलेल्यांच्या यादीत टाका आणि उरलेला आठवडा त्याच यादीवर घालवा.