हायस्कूल बेसबॉल: शिवी, वॉर्निंग आणि इजेक्शनचे नियम

अंपायर तिसरा स्ट्राइक पुकारतो, म्हणजे बॅटर आउट. बॉल बाहेरच होता याची बॅटरला खात्री असते आणि डगआउटकडे (टीमच्या बसायच्या जागेकडे) वळताना त्याच्या तोंडून एक शब्द निसटतो. तो खेळात राहणार की नाही हे त्या शब्दापेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरतं: शब्द कुणाला उद्देशून होता आणि किती लांबवर ऐकू गेला. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हा फरक सीझन सुरू होण्याआधीच कळायला हवा. घरी क्रिकेट पाहून मोठ्या झालेल्या मराठी पालकांना तर तो मुद्दाम समजावून घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळाडू बोलला तर बहुधा सामना संपल्यावर मॅच फी कापली जाते, डिमेरिट पॉइंट लागतात. इथे त्याच क्षणी त्या खेळाडूचा खेळ संपू शकतो, आणि बहुतेक राज्यांत पुढचा सामनाही त्याच्या हातचा जातो.

हे नियम इंडियानापोलिसची एनएफएचएस ही संस्था लिहिते. राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांचा हा राष्ट्रीय महासंघ १९२० मध्ये स्थापन झाला. जवळजवळ सगळी राज्यं त्याच्या नियमपुस्तकाप्रमाणे खेळतात. सामना चालू असतानाची शिक्षा त्या पुस्तकात आहे. पुढे किती सामने बसवायचं हे मात्र प्रत्येक राज्याची संघटना ठरवते. म्हणून कागद दोन वाचायचे: नियमपुस्तकातला तिसरा भाग आणि आपल्या राज्याच्या संघटनेचं इजेक्शनविषयक (सामन्यातून बाहेर काढण्याविषयीचं) धोरण. टीव्हीवरची मेजर लीग पाहून अंदाज बांधू नका. तिथे मॅनेजर अंपायरच्या तोंडाला तोंड लावून भांडतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. शाळेच्या मैदानावर हे चालत नाही.

नियम नेमकं काय म्हणतो

नियम ३-३-१ खेळाडू, राखीव खेळाडू, कोच, स्कोअर लिहिणारा, बॅट उचलणारा मुलगा अशा डगआउटमधल्या सगळ्यांना लागू होतो. अखिलाडू वर्तनात शिवीगाळ, धमकी, दुसऱ्याला कमी लेखणारे शेरे, डिवचणं आणि प्रेक्षकांना चिथावणं हे सगळं येतं. वंश, धर्म, लिंग किंवा देश यांवरून कुणाला हिणवण्याचा निषेध नियमात स्पष्ट शब्दांत केला आहे.

शिक्षेची मूळ तरतूद इजेक्शनची आहे. चूक किरकोळ वाटली तर अंपायर आधी वॉर्निंग देऊ शकतो आणि पुन्हा घडलं तर बाहेर काढतो. ‘आधी वॉर्निंग मिळायलाच हवी होती’ ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. वॉर्निंग ही सवलत आहे, हक्क नाही. ती तोंडी असते किंवा लेखी. कोचला लेखी वॉर्निंग मिळाली की उरलेला सामना त्याला डगआउटमध्येच बसून काढावा लागतो. एखादा खेळाडू जखमी झाला किंवा आजारी पडला तरच तो बाहेर येऊ शकतो.

काही गोष्टींत क्रम वेगळा असतो. टीममधल्या एकाने बॅट निष्काळजीपणे फेकली किंवा हातात बॉल नसताना खोटा टॅग (रनरला बॉल लावून आउट करण्याचं सोंग) केला, तर वॉर्निंग कोचला मिळते. त्यानंतर त्याच टीममधला दुसरा कुणीही तेच करताना सापडला की तो थेट बाहेर जातो, भले त्याची ती पहिलीच चूक असो. खेळ चालू असताना हेल्मेट मुद्दाम काढणाऱ्यालाही असंच धरलं जातं. बॅट किंवा हेल्मेट रागाने मुद्दाम फेकलं तर मात्र वॉर्निंग नाही. मारामारीसाठी आपली जागा किंवा बेंच सोडलं तर वॉर्निंग नाही. दुसऱ्याच्या अंगावर हेतुपुरस्सर धडक मारली तर तीही नाही: बॉल लगेच डेड होतो (खेळ थांबतो), आणि धडक रनरने मारली असेल तर त्याआधी त्याची रन झालेली नसल्यास तो आउटही होतो. पिचरने बॅटरच्या अंगाजवळ मुद्दाम बॉल टाकला अशी अंपायरची खात्री असेल तर पिचर जातो. शंका असेल तर आधी वॉर्निंग मिळू शकते.

एकाच शब्दाचे दोन निकाल

नियमपुस्तकात बंदी असलेल्या शब्दांची यादी नाही. अनुभवी अंपायर तीन कसोट्या लावतात: बोलणं वैयक्तिक आहे का, अर्वाच्य आहे का, आणि लांबत चाललं आहे का. तिन्हींत वैयक्तिक ही कसोटी सर्वांत धारदार. इंग्रजीत ‘यू’ हा शब्द वाक्यात आला की पारडं झुकतं. ‘दॅट पिच वॉज आउटसाइड’ हे बॉलबद्दलचं मत झालं. ‘यू आर टेरिबल’ मध्ये एकही शिवी नाही, पण ते माणसाबद्दल आहे, आणि त्यावर कारवाई होऊ शकते.

ग्राउंडर (जमिनीलगत आलेला बॉल) सुटला म्हणून शॉर्टस्टॉपचा फिल्डर स्वतःवरच चिडून खाली मान घालून काही पुटपुटला, तर बहुतेक अंपायर इनिंग संपल्यावर त्याला किंवा कोचला शांतपणे ‘जरा जपून’ म्हणतात. तोच शब्द तो ओरडला आणि स्टँडमध्ये बसलेल्या लहान मुलांपर्यंत गेला, तर अंपायरला ऐकलं नाही असं करता येत नाही. आणि तोच शब्द अंपायरकडे पाहून उच्चारला, तर वॉर्निंगची आशा धरू नका.

शिवी इंग्रजीतच असायला हवी असं नियमात कुठेही नाही. मराठीत किंवा स्पॅनिशमध्ये बोललं तर कुणाला कळणार, हा हिशेब चुकतो. सूर, नजर आणि हातवारे कुठल्याही भाषेत कळतात, आणि ती भाषा जाणणारा कुणीतरी समोरच्या डगआउटमध्ये असतोच. मुलाला हे घरीच सांगून ठेवा, कारण रागात तोंडातून मातृभाषाच आधी बाहेर पडते.

शब्दांशिवायही इजेक्शन होतं. बॉल कुठून गेला हे दाखवायला बॅटने किंवा बुटाने मातीत रेघ ओढणं हे त्याचं सर्वांत ठरलेलं उदाहरण. खेळाडूला वाटतं आपण तोंडाने काहीच बोललो नाही. पण ती रेघ अख्ख्या मैदानाला दिसते आणि सगळ्यांसमोर अंपायरला खोटं ठरवते, म्हणून बरेच अंपायर त्यावर वॉर्निंगही देत नाहीत.

खेळाडूने काय करायचं

सीझनच्या सरावातच एक ठरलेली कृती अंगवळणी पाडा. स्ट्राइक थ्री पुकारला की बॅट दोन्ही हातांत धरायची, अंपायरकडे न बघता वळायचं आणि डगआउटमध्ये पोहोचेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. हेल्मेट रॅकमध्ये ठेवायचं, आपटायचं नाही. होम प्लेटजवळच्या बॅटर्स बॉक्सपासून डगआउटपर्यंतची ही पंधरा-वीस पावलंच धोक्याची असतात. बॅटरची बहुतेक भांडणं इथेच होतात.

काही विचारायचंच असेल तर कॅचरला चांगली संधी असते. तो अंपायरच्या पुढ्यातच बसलेला असतो. मान न वळवता, पिचरकडे बघतच हळू आवाजात विचारायचं, ‘तो खाली होता का?’ मागे वळून विचारलं की तेच वाक्य सगळ्या मैदानासमोरचा वाद होतं. बॅटरनेही विचारायचं तर एकदाच, आणि जे उत्तर मिळेल ते घ्यायचं.

अंपायर ‘इनफ’ म्हणाला किंवा हाताचा पंजा पुढे करून थांबवू लागला, तर तिथेच थांबा. त्यानंतर स्पष्टीकरण म्हणून बोललेलं एक वाक्यही महागात पडतं. अंपायरांना शिकवला जाणारा क्रम असा आहे: शक्य असेल तर दुर्लक्ष करा, मग दखल घ्या, मग वॉर्निंग द्या, मग बाहेर काढा. हात वर आला म्हणजे पहिली पायरी मागे पडलेली असते.

इजेक्शन झालंच तर खेळाडू डगआउटमध्येच बसून राहतो. तो अल्पवयीन असतो, त्याला एकट्याला पार्किंगमध्ये पाठवता येत नाही. बेंचवरून पुन्हा शेरेबाजी केली तर पुढची कारवाई अख्ख्या टीमच्या अंगावर येऊ शकते, अगदी सामना गमावण्यापर्यंत.

कोचने काय करायचं

सामन्याआधी होम प्लेटपाशी होणाऱ्या बैठकीत अंपायर खिलाडूवृत्तीबद्दल बोलतो. ती औपचारिकता समजू नका; ‘आम्हाला सांगितलंच नाही’ हे म्हणणं तिथेच संपतं. अंपायरांचा अधिकार त्याही आधी, ते मैदानावर पोहोचल्यापासून सुरू होतो. सामना संपल्यावर पार्किंगकडे जाणाऱ्या अंपायरला गाठून बोलणंही नियमाने गुन्हा आहे.

वाद घालायचा तर तो फक्त मुख्य कोचने. असिस्टंट कोच आउट-सेफसारख्या निर्णयावर भांडायला बाहेर धावला तर ते नियमभंग ठरतं आणि त्याचा फटका मुख्य कोचलाही बसू शकतो. असिस्टंटने त्यापेक्षा मधे पडून खेळाडूला मागे ओढावं. खेळाडू आणि अंपायर यांच्यामध्ये पहिल्या तीन सेकंदांत मोठा माणूस उभा राहिला, तर बरीच इजेक्शन टळतात.

खेळाडूने शिवी दिली आणि अंपायरने अजून काही केलं नाही, तर कोचने स्वतःच त्याला एक इनिंग बसवावं. सुरुवातीपासून खेळणारा खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, ही सोय अशाच वेळेसाठी वापरा. अंपायरने काढलेला खेळाडू मात्र परत येत नाही.

इजेक्शननंतर लाइनअप (बॅटिंगच्या क्रमाची यादी) लगेच नीट करा. राखीव खेळाडू त्याच क्रमांकावर बॅटिंग करतो. बॅटर मधेच काढला गेला असेल तर बॉल-स्ट्राइकचा तोच काउंट पुढे चालतो. काढलेला पिचर असेल तर बदली पिचरला वॉर्म-अपचे जास्त थ्रो द्यावेत अशी विनंती अंपायरला करा. ती परवानगी तो देऊ शकतो. राखीव कुणीच उरला नसेल तर आठ जणांवर खेळता येतं, पण रिकाम्या जागेची पाळी आली की दर वेळी एक आउट धरला जातो. आठही राहिले नाहीत तर सामना गेला. लहान शाळांच्या टीममध्ये अकरा-बाराच मुलं असतात, तिथे एका शिवीचा हिशेब इथपर्यंत पोहोचतो.

कोच स्वतः इजेक्ट झाला तर त्याला मैदानाचा परिसर सोडावा लागतो. कुंपणाबाहेरून खुणा करणं किंवा फोनवरून सूचना देणं, दोन्हीला बंदी आहे. म्हणून टीमची सूत्रं कोण घेणार आणि लाइनअप कार्ड कुणाकडे असणार हे सीझनच्या आधीच ठरवून ठेवा.

अंपायरचा रिपोर्ट आणि पुढचे सामने

इजेक्शननंतर अंपायर इनिंग, आउट किती होते, खेळाडूचा जर्सी नंबर आणि नेमके शब्द लिहून ठेवतो. रिपोर्टमध्ये शिवी फुल्या-फुल्यांनी झाकत नाहीत, जशीच्या तशी लिहितात. शाळेचे प्राचार्य आणि राज्याची संघटना ती वाचतात. मुलाला हे आधीच माहीत असणं चांगलं.

पुढच्या सामन्याची बंदी बहुतेक राज्यांत आपोआप लागते. कॅलिफोर्नियात सीआयएफ या तिथल्या शालेय क्रीडा संघटनेच्या नियमाने इजेक्ट झालेला खेळाडू पुढच्या सामन्यात अपात्र ठरतो. मारामारी किंवा दुसरं इजेक्शन असेल तर अनेक राज्यांत शिक्षा वाढते.

चुका होतात त्या बंदी मोजताना. डबलहेडरमधला (एकाच दिवशी लागोपाठ होणाऱ्या दोन सामन्यांतला) दुसरा सामना सहसा ‘पुढचा सामना’ धरला जातो, म्हणून पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर त्याच मुलाला मैदानात उतरवू नका. पावसाने रद्द झालेला सामना सहसा मोजत नाहीत. व्हर्सिटीतून (शाळेच्या मुख्य टीममधून) बंदी आलेला मुलगा मधल्या काळात ज्युनिअर व्हर्सिटीत (दुसऱ्या फळीच्या टीममध्ये) खेळला तर अनेक राज्यांत तोही नियमभंग ठरतो. अपात्र खेळाडू उतरवला तर जिंकलेला सामनाही हातचा जाऊ शकतो. त्यामुळे ‘एक सामना’ म्हणजे नेमका कोणता, हे शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरकडून (क्रीडा विभागाच्या प्रमुखाकडून) लेखी घ्या.

इजेक्शन हा अंपायरच्या समजुतीवरचा निर्णय असल्याने अपील क्वचितच चालतं. चुकीच्या खेळाडूचा नंबर लिहिला गेला असेल तर त्याच संध्याकाळी ॲथलेटिक डायरेक्टरला कळवा. तो संघटनेशी बोलतो. पालकांनी अंपायरला शोधून फोन करू नये. आणि सामना चालू असताना स्टँडमधून ओरडूही नये, कारण अंपायर यजमान शाळेच्या व्यवस्थापकाला सांगून पालकालाही बाहेर काढू शकतो. मग बेंचवर बसलेला मुलगा घरी कुणाबरोबर जाणार हा प्रश्न उरतो. त्याची सोय करून ठेवा.