छावणीतून आलेल्या मुलाची वाढ कशी तपासायची

ओहायोत कोलंबसला मी नेपाळच्या निर्वासित छावण्यांतून आलेल्या भूतानी कुटुंबांतल्या मुलांचा आहार बघते. कागदावर जन्मतारीख १ जानेवारी दिसली, तर ती बहुधा खरी तारीख माहीत नसल्याने घातलेली असते; आधी आईला विचारा: बाळ दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) आधी झालं की नंतर? वय चुकलं की वाढीचा तक्ताच चुकतो. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवूनच मोजा.

डाळभात मुळीच सोडायला लावू नका. सोबत अंडं, दही वाढवा. या लोकांत बी-१२ची कमतरता बरीच आढळली आहे. बाटलीतून ज्यूस देणं मात्र आजच बंद.

रक्तातलं शिसं तपासाच. सहा वर्षांखालच्यांचं तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण जुन्या घरांच्या रंगातलं शिसं इथे आल्यावरही पोटात जातं. लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून लोहही त्याच वेळी बघा.