नकली माईक, नकली गिटार आणि ‘मिरजेचा’ तंबोरा: पैसे द्यायच्या आधी काय काय बघायचं

कोल्हापूरच्या माणसाला चप्पल घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. हातात घेतो, वाकवून बघतो, नाकाला लावतो, उलटी करून खिळे मारलेत का वादीनं शिवलीय ते बघतो आणि मगच भाव करतो. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळाला, तरी रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ काय बंद झाली नाही, आपण त्यात फसत नाही एवढंच. पण हाच माणूस गिटार नाहीतर माईक घ्यायला गेला की नुसतं नाव वाचतो आणि पैसे काढतो. मी पण तसंच केलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचा छोटासा वाद्यवृंद आहे, मी गिटार वाजवतो आणि साउंडचं पण बघतो (म्हणजे शेवटी वायरी गुंडाळत बसतो). गणपतीच्या तोंडावर दोन माईक पाहिजे होते आणि एका दुकानात शुअर कंपनीचा एसएम ५८, म्हणजे गायकांचा नेहमीचा माईक, अस्सलच्या निम्म्याहून कमी भावात मिळाला, दुकानदार म्हणाला डायरेक्ट माल आहे भावा, मधला कुणी नाही म्हणून स्वस्त. मला पण ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. पहिल्याच कार्यक्रमाला गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा, आणि जरा आवाज वाढवला की शिट्टी. शेजारी मित्राचा दहा वर्षं जुना, जाळी चेपलेला एसएम ५८ होता, तो त्याच वायरीवर लावला तर एकदम भरीव, उबदार. मंडपातच कळलं की गंडलो.

तेव्हापासून कुणी काही घ्यायला निघालं की मला घेऊन जातंय. माझी पद्धत साधी आहे. नकल करणाऱ्याला नाव छापायला काही खर्च येत नाही, त्यामुळं नाव बघायचंच नाही. त्याचे पैसे वाचतात ते आतल्या तांब्यात, वजनात, लाकडात आणि हातकामात, म्हणून तिथनंच सुरुवात करायची.

माईकचं आधी सांगतो, कारण भजनी मंडळापासून बेंजोवाल्यांपर्यंत सगळ्यांना हा लागतो आणि १९६६ पासून बाजारात असल्यामुळं जगात बहुतेक याच्याच सगळ्यात जास्त नकला निघत असतील. एसएम ५८ चं वजन कंपनीनं २९८ ग्रॅम दिलंय. माझे दोन्ही मी गल्लीतल्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले, एक २४१ आणि दुसरा २४४, आणि मित्राचा जुना बरोबर तीनशेच्या अलीकडं. दुकानवाला म्हणाला, आता काय माईक पण किलोवर विकतात व्हय. हा फरक येतो कारण अस्सल माईकच्या दांडीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, डिंकासारख्या गोंदात बसवलेला. तो महाग पडतो म्हणून नकलीत गाळतात. मात्र नुसत्या वजनावर पण जाऊ नका, काही शहाणे आत लोखंडाचा तुकडा घालून वजन भरून काढतात.

म्हणून जाळी फिरवून काढायची, मग वरचा कॅप्सूलचा (आवाज पकडणारा) भाग दांडीपासून फिरवून सोडवायचा. हळू करा, वायरी केसासारख्या असतात, तुटल्या तर दुकानदार म्हणणार तुम्हीच मोडला आणि त्याचं बरोबर असणार. अस्सलमध्ये एक पिवळी आणि एक हिरवी वायर दिसते. माझ्या दोन्हींत लाल-काळी निघाली, आणि झाळण असं की घाईत कुणीतरी शेण थापल्यागत. मग खाली जिथं वायर घुसते तिथं तीन पिना असतात, त्यांच्या शेजारी १, २, ३ हे आकडे नीट उठलेले पाहिजेत. खोका पण बघा. मॉडेलच्या पुढं एलसी लिहिलं असेल तर त्याचा अर्थच वायरीशिवाय असा आहे, आणि नकलीवाले त्याच खोक्यात आवर्जून वायर घालून देतात, वर ‘फ्री’ म्हणून सांगतात. आणखी एक, आपल्याकडं काही साउंडवाले सांगतात की बटण असलेला एसएम ५८ म्हणजे डुप्लिकेट, तर तसं नाही, बटणवालं मॉडेल कंपनीच काढते, त्याला पुढं एस लागतो. शेवटची परीक्षा कानाची. ओळखीच्या कुणाचा तरी खात्रीचा माईक बरोबर न्या, एकच वायर, एकच चॅनेल, आवाजाचं बटण न हलवता दोन्हीत तेच एक वाक्य बोला. जो जास्त चिरका आणि कमी आवाजाचा, तो ठेवून या.

गिटारीबद्दल पहिला गैरसमज काढून टाका, चायना म्हणजे नकली नव्हे. एपिफोन ही गिब्सनचीच कंपनी आहे आणि तिच्या कितीतरी गिटारी चीनमध्ये बनतात, फेंडरचा स्वस्तातला ब्रँड स्क्वायर, यामाहाच्या पण इंडोनेशिया-चीनमध्ये बनतात, या सगळ्या अस्सलच. नकली ती, जिच्यावर एकाचं नाव आणि बनवली दुसऱ्यानंच. चीनमधनं येणाऱ्या नकली गिब्सनला तर जगभर ‘चिबसन’ असं नावच पडलंय.

कुणी सेकंडहँड लेस पॉल (गिब्सनची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) दाखवली तर आधी डोक्याकडं बघा, म्हणजे खुंट्या असतात तिथं. ट्रस रॉडवर (मान सरळ ठेवणारी आतली सळई) जे छोटं झाकण असतं त्याला गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, तीन दिसले तर तिथंच नमस्कार करून निघायचं. झाकण काढू दिलं तर आत पितळेचा षटकोनी नट पाहिजे, नुसतं ॲलन की चं भोक दिसलं तर शंका घ्या. ब्रिजच्या (अंगावर तारा जिथं टेकतात त्या पट्टीच्या) दोन खांबांवर पेचकसानं फिरवायची मोठी खाच असणं हे नकलीचं नेहमीचं लक्षण. मागं सिरीयल नंबर लाकडात दाबून उठवलेला असतो, बोट फिरवलं की लागतो, नकलीत बहुतेक वेळा नुसता छापलेला किंवा वरवर. आणि नंबर कंपनीच्या यादीत सापडला म्हणजे अस्सल असं अजिबात समजू नका! एक खरा नंबर उचलायचा आणि तोच शंभर गिटारींवर मारायचा, हा धंद्यातला जुना उद्योग आहे. शंकाच असली तर पुढून, मागून, डोक्याचे, नंबरचे फोटो काढून कंपनीला मेल टाका, पण विकणारा ‘आत्ताच ठरव, दुसरा गिऱ्हाईक वाटेवर आहे’ म्हणाला तर त्या दुसऱ्यालाच घेऊ द्या.

पण खरं सांगायचं तर गिब्सन घेणारे आपल्यात कितीसे. जास्त फसतात ती पोरं आणि त्यांचे आईबाप, दहावी झाली म्हणून पहिली गिटार घेणारे, आणि त्यांना बहुतेक यामाहा एफ ३१० पाहिजे असते कारण क्लासच्या सरांनी तेच नाव सांगितलेलं असतं. मोबाईलची बॅटरी लावून गिटारीच्या भोकातनं आत बघा. लेबल सरळ चिकटवलंय का, अक्षरं स्वच्छ आहेत का, आत गोंदाचे ओघळ आणि लाकडाचा भुसा तसाच आहे का. मग भोकाची कड बघा, वरच्या फळीच्या रेषा कडेवरनं खाली तशाच उतरल्या तर फळी एकसंध, सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. आता एफ ३१० चा वरचा भाग थरांचाच असतो, तो काय दोष नाही, त्या किमतीत तेच मिळतंय. पण एखादा तीच गिटार ‘सॉलिड टॉप आहे’ म्हणून विकायला लागला तर त्याला एकतर माहिती नाही नाहीतर लाज नाही. शेवटी मानेच्या दोन्ही कडांवरनं तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं करवतीसारखी लागली तर कुणी घासायची मेहनत घेतलेली नाही. एका पोरानं अशी गिटार महिनाभर वाजवून बोटं कापून घेतली होती आणि त्याला वाटायचं गिटार शिकताना असंच होतंय.

तारा! लोक तारांमध्ये फसतात आणि कळत पण नाही. डॅडारिओ या तारांच्या कंपनीच्या नकली तारा सर्रास मिळतात. अस्सल पाकिटात सहाही तारा एका बंद प्लास्टिक पिशवीत वेटोळं करून असतात, सहा वेगळ्या कागदी पाकिटांत आल्या तर ठेवा बाजूला. आणि टोकाला जो मणी असतो त्याच्या रंगावरनं तार ओळखायची असते. सगळ्यात जाड पितळी, मग लाल, काळा, हिरवा, जांभळा आणि सगळ्यात बारीक चंदेरी. रंग पण नकलीवाले देतात म्हणा, पण घाईत क्रम चुकवतात, आमच्या एका पाकिटात दोन हिरवे निघाले. नकली तार लागते पण सुरात थांबत नाही, आणि आठवड्यात गुंडाळी सैल पडून झणझण करायला लागते.

आता आपल्या घरच्या वाद्यांकडं या, कारण नकली म्हणजे फक्त इंग्रजी नावाचं असं नाही. मिरज आपल्यापासनं पन्नास किलोमीटरच्या आत. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी तिथं सतार-तंबोरा बनवायचं काम सुरू झालं ते आजतागायत चालू आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय पण मिळाला. म्हणजे दुसरीकडं बनवलेल्या तंबोऱ्याला ‘मिरजेचा’ म्हणून विकणं ही सरळ नकलच झाली. तरी विकतात. माझा सल्ला असा की तंबोरा दुकानातनं घेऊच नका, सकाळची गाडी धरा, मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जा आणि बनवणाऱ्याच्या समोर बसून घ्या. भोपळा खरा आहे का फायबरचा ते टिचकी मारून आणि आत बघून कळतंय, खऱ्याला आतनं वाळलेल्या फळाचा खरबरीतपणा असतो. तारा छेडायला लावा आणि घोडीवरच्या तारेखाली सूत वाईच मागंपुढं सरकवायला सांगा. जवारी (तारा टेकतात तिथं घोडीला दिलेली घासणी) चांगली लावलेली असेल तर एका जागी आवाज फुलतो, नसेल तर कुठंही सरकवा, मठ्ठच. घडवणारा माणूस हे सगळं करून दाखवायला कंटाळत नाही, उलट तुमचाच अर्धा दिवस घेतो.

पेटीत सगळ्यात मोठी थाप म्हणजे ‘जर्मन सूर’, सूर म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या. जितक्या पेट्या जर्मन सुराच्या म्हणून विकल्या जातात तितके सूर जर्मनीत तरी कधी बनले का देव जाणे. आपल्याकडं गुजरातेत पालिताण्याला सूर बनवायचा मोठा धंदा आहे आणि त्यातले चांगले सूर खरंच चांगले असतात, मग जर्मनचे पैसे का मोजायचे. जुनी पेटी म्हणून कुणी जास्त सांगत असेल तर उघडून दाखव म्हणायचं. पितळेचा रंग सगळीकडं सारखा जुना झालाय का, का मधले चार-पाच सूर नवे चकचकीत आहेत ते दिसतंय. उघडायला नाही म्हणाला तर विषय संपला.

तबल्याचं थोडक्यात. शिसवीचं खोड म्हणून आंब्याच्या लाकडाला रंग मारून देतात, तर आतल्या बाजूला जिथं रंग पोचत नाही तिथं बघा आणि हातात वजन घ्या, शिसव जड असते. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा म्हणत असतील तर खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर लोखंडी पत्र्यावर मुलामा आहे. नाही चिकटला तरी स्टील असू शकतंय, म्हणून आत पण डोकवा.

एवढं करून पण फसलात तर काय. आधी बिलाचं बोलू. माझ्या बिलावर ‘माईक २ नग’ एवढंच लिहिलेलं होतं, कंपनी नाही, मॉडेल नाही. मी भांडायला गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, मी तुम्हाला माईक दिला, दोन दिले, कुठं लिहिलंय शुअरचा? खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. तेव्हा पक्क्या बिलावर कंपनी, मॉडेल आणि असला तर सिरीयल नंबर लिहून घ्यायचाच, लिहायला का कू करतोय हेच उत्तर समजायचं. ऑनलाइन मागवलं असेल तर खोका फोडतानाचा व्हिडिओ एका दमात काढा, वरचं लेबल दिसेल असा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, मराठीत पण बोलता येतं. त्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हे कळल्यावर मी माझे दोन माईक ऑनलाइन विकायचा विचार पण सोडून दिला, कारण मग तो विकणारा मीच की. आता त्यांच्यावर पांढरी टेप लावून ‘नकली’ लिहून ठेवलंय, कुणाला फरक दाखवायला उपयोगी पडतात.

आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेवा. मशिनमधनं येणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात, माझ्या एका हेडफोनच्या बिलाचं आता नुसतं पांढरं चिटोरं राहिलंय.