गाडीचा एसी फिल्टर घरीच बदला, दहा मिनिटांचं काम आहे

मागच्या मे महिन्यात आमच्या ग्रँड आय१० चा एसी एकदम मंद झाला, ब्लोअर चारवर ठेवला तरी मागे बसलेल्या आईपर्यंत हवा पोचेना. गॅरेजमध्ये दाखवलं तर म्हणाले गॅस कमी झालाय. भरला गॅस, फरक शून्य. मग शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, केबिन फिल्टर काढून बघितलास का?" केबिन फिल्टर म्हणजे एसी फिल्टरच, गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा. नव्हता बघितला. काढला तर काळाकुट्ट, वर गुलमोहराच्या पाकळ्या आणि बारीक पानांचा थरच बसलेला, कारण गाडी रोज गुलमोहराखालीच लागते.

म्हणून गॅसला पैसे द्यायच्या आधी एवढं बघा. हवा गार येतेय पण जोरच नाही, ब्लोअरचा नुसता आवाज वाढतो, तर पहिला संशय फिल्टरवर. हवा भरपूर येतेय पण गार नाही, तर मग गॅस, कंप्रेसर वगैरे भानगड, तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही. पावसाळ्यात घाटात पुढच्या काचेवरचं धुकं लवकर जात नसेल तरी फिल्टर बघाच, काचेवर हवाच कमी जात असेल तर ती पुसली जाणार कशी, आणि घाटात समोरचं न दिसणं किती वाईट ते वेगळं सांगायला नको.

दुकानात नुसतं "एअर फिल्टर" मागू नका, तो इंजिनचा देतील, तो बॉनेटखाली असतो. एसी फिल्टर किंवा केबिन फिल्टर म्हणा आणि गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल सगळं सांगा. साधा पांढरा असतो आणि एक चारकोलवाला, करड्या रंगाचा, थोडा महाग, पण समोरच्या ट्रकच्या धुराचा वास तो बराच कमी करतो. घरात कुणाला दमा असेल तर माझ्या मते तोच घ्या. आणि हो, काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये कंपनी फिल्टर देतच नाही, नुसती जागा असते, तेव्हा विकत घ्यायच्या आधी एकदा उघडून बघितलेलं बरं.

आता काम. गाडी बंद, ब्लोअर बंद, चावी काढून ठेवा, कारण ब्लोअर चालू राहिला तर फिल्टर काढताना पडणारा कचरा तो आत ओढून घेतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचा ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. तो उघडला की आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक प्लॅस्टिकचं बटण दिसतं, ते फिरवून ओढलं की निघतं. बाहेरच्या बाजूला दोरीसारखा किंवा दांडीसारखा डँपर असेल तर तो हलकेच अनहुक करा. मग सगळा बॉक्स खाली लोंबतो. स्विफ्टसारख्या गाडीत बटणं नसतात, बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो. काही गाड्यांत फिल्टर डॅशबोर्डच्या खालून पायाजवळ असतो, तिथे मॅन्युअल बघा किंवा आपल्या मॉडेलचा व्हिडिओ लावा, अंदाजाने ओढाओढ नको, प्लॅस्टिकचं लॉक एकदा तुटलं की बॉक्स कायम खडखडत राहतो.

मागे लांबट झाकण दिसेल, त्याचे लॉक दाबून काढा आणि थांबा. फिल्टर ओढायच्या आधी मोबाईलने फोटो काढा. फिल्टरच्या कडेवर एक बाण असतो, हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा. आमच्या गाडीत तो खाली आहे, तुमच्यात वेगळा असू शकतो, तर जुन्याचा जसा होता तसाच नव्याचा ठेवायचा. जुना हळू, आडवा धरून काढा, झटका दिला की वरची माती आत ब्लोअरवर पडते. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, तोंडाला मास्क लावा. मग टॉर्च मारून रिकामी जागा बघा, पानं असतील तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. उंदराने कापूस-चिंध्या आणून ठेवल्या असतील तर वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या.

नवा फिल्टर सरकवा, झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबा, बॉक्स लावा, झालं. अडकत असेल तर जोर करू नका, बहुतेक वेळा साइज चुकीचा असतो किंवा वाकडा जात असतो.

जुना धुऊन परत वापरायचा का असं बरेच जण विचारतात. नको. कागदी-फायबरचा असतो तो, पाण्याने आकार जातो आणि ओलसर राहिला तर बुरशीचा वास गाडीभर. हवा भरायच्या कंप्रेसरने जोरात हवा मारली तरी फायबर फाटतात, वरची धूळ उडते पण आत रुतलेली तशीच राहते. साधारण १०,००० किलोमीटर किंवा वर्षाने बदला, रोजचा रस्ता कच्चा असेल किंवा आसपास बांधकाम चालू असेल तर त्याआधीच. मी नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो.

बॉनेट उघडून वायपरच्या खालच्या जाळीतली पानंही हाताने काढा, बाहेरची हवा तिथूनच आत येते. आणि फिल्टर बदलूनही ओल्या फडक्यासारखा वास येतच राहिला तर आतली कूलिंग कॉइल घाण झालीय, ती मात्र चांगल्या एसीवाल्याकडून साफ करून घ्या.